कांदिदामावशीची घागर

तोमासा सात वर्षांची असताना लाकडांच्या ढिगाआड बसून तिनं आईचं आणि मावशीचं भांडण ऐकलं होतं.

"डावखुरीचं भांडं लवकर तडकतं म्हणतात बाजारात," आई म्हणत होती. "म्हणून तुझी भांडी माझी म्हणून विकते. तुला नाव कशाला हवं?"

"पाणी माझ्या घागरीतलं गोड लागतं, अन् माझं नाव घेताना जीभ भाजते होय गं?" कांदिदामावशी फणकारली.

तोमासा ढिगाआडून काही बाहेर आली नाही. मावशी निघून गेली, तिच्या घागरी आईच्याच नावावर खपल्या. पुढं साठेक वर्षं तोमासानं स्वतः लाल मातीची भांडी घडवली, चार पोरं वाढवली, नवऱ्याला पोचवलं. ते भांडण मात्र कानातून गेलं नाही.

यंदा तिच्या तीन घागरी ओआहाका शहरातल्या नव्या हस्तकलेच्या दालनात मांडल्या होत्या. शनिवारी ती दोन्ही नातवंडांना घेऊन बसनं निघाली. दालनात छताला काचेचे मासे लटकलेले. पाच वर्षांचा एल्फेगो नुसता उड्या मारायला लागला.

"आजी, तुझी घागर काचेच्या पेटीत का? ताप आलाय तिला?"

"गप रे शहाण्या! शहरात भांड्यांचापण पाहुणचार करतात."

एक घागर उघड्यावर होती. तोमासानं सवयीनं बोटाच्या पेरानं तिला टकटक केलं, कान लावला. दालन सांभाळणारी रेनाता धावतच आली, पण थोरल्या बाईला मानाचं 'दोन्या' लावायला विसरली नाही.

"दोन्या तोमासा, हात नाही लावायचा!"

"अगं, मीच घडवलीय. प्रवासात तडा गेला का, एवढंच ऐकत होते."

रेनाताला हसू फुटलं. तेवढ्यात कोपऱ्यातून नऊ वर्षांच्या युरिदियानं हाक मारली. तिथं एक जुनी घागर होती. आजीला अक्षर येत नाही, म्हणून पोरीनं पाटी वाचली, "सान मार्कोसची घागर. कुणी घडवली, ठाऊक नाही."

तोमासानं घागरीच्या तोंडातून आत डोकावलं. आतले बोटांचे ओरखडे उलटे वळले होते.

"ही माझ्या मावशीची! आमच्या सान मार्कोस गावात त्या काळी डाव्या हातानं घडवणारी ती एकटीच."

"पण हे मी लोकांना पटवू कसं?" रेनाता म्हणाली.

"माझ्या नातीला हात घालू दे. शाळेत डावरी म्हणून चिडवतात ना हिला? आज कामाला येईल."

रेनातानं इकडं तिकडं पाहिलं आणि घागर दोन्ही हातांनी घट्ट धरली. युरिदियानं आधी उजवा हात घातला; बोटं ओरखड्यांना आडवी जात होती. मग डावा घातला. तिची बोटं चिमुकली, पण त्या वळणावरून सरसर फिरली.

"आजी, रस्ता सापडला! हे बघ, गोल गोल जातंय!"

"मलापण! मलापण!" एल्फेगो नाचायला लागला. बघायला आलेली माणसं भोवती गोळा झाली. शेवटी रेनातानं स्वतः एकेक करून दोन्ही हात घालून पाहिले, आणि पेन्सिल काढली.

"नाव सांगा, दोन्या."

तोमासानं घागरीच्या काठावर हात ठेवला. "आईनं लपवलं. मला ठाऊक होतं, मीही गप्पच राहिले. लिही. कांदिदा."

युरिदियानं ते नाव तीनदा मोठ्यानं वाचलं. एल्फेगोनं टाळ्या पिटल्या. तोमासानं शालीचं टोक डोळ्यांना लावलं आणि वर म्हणाली, "काय बाई धूळ या दालनात, झाडत नाहीत वाटतं!"

संध्याकाळी गावात उतरल्यावर ती दर शनिवारसारखी चक्कीवर गेली. भांडी घोटायला दाणे काढलेली मक्याची बुरकुंडं लागतात. एकेक हातात घेऊन, खरखरीत बाहेरच्या अंगासाठी, गुळगुळीत आतल्यासाठी, अशी तिनं वेचली. एक चांगलंसं युरिदियापुढं धरलं. पोरीनं ते डाव्या हातात घेतलं.

तोमासानं पोत्याचं तोंड बांधलं, पाठीवर टाकलं आणि घराकडं चालू लागली.