स्टिअरिंगचं ऑइल ब्रेकच्या डब्यात

तुमच्या गाडीत तुम्ही स्वतःच्या हातानं शेवटचं काय ओतलंत, आणि ओतण्याआधी झाकणावर काय लिहिलंय ते वाचलं होतंत का? मी वाचलं नव्हतं. आणि मी तर छापील अक्षरांवरच वाढलोय.

बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत भांड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. पप्पा टुरिस्ट गाडी चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी चौकात उभं राहून पत्रकं वाटायचे. पत्रकांना घड्या घालायचं काम माझं. श्रम, नफा, शोषण हे शब्द मला पाढ्यांच्या आधी आले. त्याचा एक परिणाम असा झाला, की कुणीही बिल पुढे केलं की मला त्यात आधी दरोडाच दिसायचा.

पप्पांची गाडी रोज सकाळी सहाला निघायची आणि चार जणांना हिंजवडीच्या ऑफिसात सोडायची. गाडी आमची, फेरी एजन्सीची. एक दिवस गाडी बंद पडली तर एजन्सी तिथं दुसरी लावते, आणि ती एकदा लागली की आपली परत लागत नाही. सात वर्षं पप्पांनी ती फेरी टिकवली होती. अंगात ताप असतानासुद्धा.

गाडीचं काम आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजमध्ये व्हायचं. तिथल्या मेकॅनिकनं एकदा ब्रेकचं ऑइल बदलायचं बिल दिलं आणि मी चारचौघांत त्याच्यावर तुटून पडलो.

"एका बाटलीचे एवढे? ही सरळ लूट आहे."

तो स्पॅनर पुसत म्हणाला, "बाटलीचे नाहीत साहेब. कुठली बाटली ओतायची हे माहीत असण्याचे आहेत."

"सात मिनिटांच्या व्हिडिओत सगळं दाखवतात."

"मग पुढच्या वेळी व्हिडिओकडंच घेऊन जा. चहापण पाजेल तो."

लोक हसले. मी घरी जाऊन पप्पांना सांगितलं, यापुढं ब्रेकचं मी बघणार. आपलं काम आपण करायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना? पप्पांचा चेहरा असा फुलला, की आजही तो आठवला की मला स्वतःचा राग येतो.

पुढं एका रविवारी दुपारी मी बॉनेट उघडलं. ब्रेकच्या डब्यात ऑइल कमी दिसत होतं. डिकीत एक अर्धी बाटली पडली होती, ती मी त्यात ओतली. नवीन कशाला विकत घ्यायचं? ऑइल ते ऑइल. बाटली ठेवताना तिच्यावरचं लेबल दिसलं: पॉवर स्टिअरिंग. मग डब्याचं झाकण बघितलं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, फक्त ब्रेकचंच ऑइल वापरा. गावभरच्या भिंतींवरचा मजकूर वाचणाऱ्यानं हातातलं झाकण वाचलं नव्हतं.

गाडी तेव्हा बंद होती. हे लक्षात ठेवा.

तेवढ्यात पप्पा किल्ली घेऊन खाली आले. "झालं का रे?"

एकच वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "झालं. पातळी बघितली फक्त."

ते बसले, ब्रेक दोन-तीनदा दाबला, कोपऱ्यापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, "वा! गॅरेजपेक्षा भारी."

दोन दिवस गाडी चालली, म्हणून मी स्वतःला पटवलं की काही होत नसतं. बुधवारी हिंजवडीच्या अलीकडं, भर गर्दीत, चाकं आवळली. पप्पांनी पाय काढला तरी ब्रेक सुटेना. पुढच्या चाकातून धूर. मागं कंपन्यांच्या बसचे हॉर्न. चौघं जण उतरून चालत गेले. गाडी टो करून आली ती त्याच गॅरेजमध्ये. पप्पांचा फोन आला तसा मीही तिथं पोचलो.

मेकॅनिकनं झाकण उघडलं, बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं. "हे कुणी ओतलं?"

पप्पा उसळले. "कुणी म्हणजे? शेवटचं काम तुम्हीच केलंय. पोरानं फक्त पातळी बघितली. सात वर्षांची फेरी आहे माझी, दादा! आता आपलं पाप दुसऱ्याच्या गळ्यात घालू नका."

आयुष्यभर कष्टकऱ्याच्या बाजूनं पत्रकं वाटणारा माणूस एका कष्टकऱ्याला खोटं पाडत होता, माझ्या शब्दावर विसंबून. मेकॅनिकनं नुसतं माझ्याकडं बघितलं.

"मी ओतलं," मी म्हणालो. "रविवारीच कळलं होतं."

पप्पा खाली बसले. टायरवर.

"कळल्यावर ब्रेक दाबला होता?" मेकॅनिकनं विचारलं.

"मी नाही. पप्पांनी. नंतर."

"म्हणजे तेव्हा बोलला असतास तर डबा रिकामा करून, धुऊन भागलं असतं. आता ते पाइपांत गेलं. आतले सगळे रबर फुगलेत. मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत सगळं बदलायचं." मग पप्पांकडं वळून, आवाज खाली आणून, "भाऊ, चार दिवस लागतील."

एजन्सीनं गुरुवारीच दुसरी गाडी लावली. दुरुस्तीत दोन महिन्यांची कमाई गेली, आणि दुरुस्त झालेल्या गाडीला फेरी उरली नव्हती. ती विकली. आता पप्पा वाघोलीला दुसऱ्याची गाडी चालवतात. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

स्वावलंबनाची भाषणं मला ऐकवू नका, ती मला पाठ आहेत. दुसऱ्याच्या हातातलं कसब फुकटात मिळतं असं समजणं हे स्वावलंबन नव्हे, तो माज आहे. माझ्यात तो होता. तुमच्यातही असेल, म्हणून एवढंच करा. तुमच्या घरातल्या गाडीत तुम्ही काही चुकीचं ओतलं असेल, किंवा नुसती शंका असेल, तर हे वाचून झाल्याबरोबर उठा, गाडी चालवणाऱ्याच्या हातातून किल्ली काढून घ्या आणि काय ओतलंय ते त्याला तोंडानं सांगा.