चूक सापडली!

हळद शिजण्याचा वास आला की मला मंगरूळपीरचा आमचा संगणक वर्ग आठवतो. मागच्या अंगणात कढई चढायची आणि ऊन-ऊन, मातकट वाफ खिडकीतून आत यायची. तिथंच मी आणि मैत्रीण शोभानं पीएचपी या संगणकभाषेत रक्तदात्यांची वेबसाइट केली होती.

एका दुपारी शोभाच्या वहिनीला बाळंतपणात रक्त हवं होतं. पण रक्तगट टाकला की पान कोरं यायचं.

"काहून काहीच दिसून नाही राह्यलं वं?" शोभा रडवेली झाली.

"थांब, डेटाबेस काय म्हणते ते त्याले इचारू."

क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधल्या यादीकडं केलेली मागणी, फसली का, हे आम्ही कधी तपासलंच नव्हतं. मी दोन ओळी जोडल्या: फसली तर कारण दाखव. लगेच उत्तर उमटलं, या नावाचा रकानाच नाही. स्पेलिंगमधलं एक अक्षर सुटलं होतं!

ते भरताच आसेगावच्या एका गुरुजींचं नाव आलं. फोनवर ते एवढंच म्हणाले, "निघालोच मी."

संध्याकाळी वहिनीला मुलगी झाली, दोघी सुखरूप.

आता कामात अशा चुका दिसल्या की माझी चिडचिड होते. त्या दुपारी मात्र चूक दिसली म्हणून आम्ही दोघी हात धरून नाचलो होतो.