येनेकेनं न ठेवलेलं धिरडं

येनेके लग्न होऊन आमच्या गावात आली ती नदीकाठच्या चिकणमातीतून. तिकडची माणसं आम्हा वेलूवे या वाळूच्या मुलखातल्यांना भिकारी समजतात आणि आम्ही त्यांना चिखल्या म्हणतो. पहिल्याच आठवड्यात तिनं विहिरीवर विचारलं, तुमच्या गावात जमीन कुठे असते, मला तर नुसती वाळूच दिसते. बायका हसल्या, पण ते बोलणं कुणी विसरलं नाही. आमच्याकडे कोठारात धान्य साठत नाही, शब्द मात्र बरोबर साठवून ठेवतात.

जमीन होती. पश्चिमेला मैलभर उघडी वाळू, वारा नेईल तिकडे सरकणारी. तिच्या कडेला ओकच्या झाडांचा बांध, त्यातली निम्मी झाडं गळ्यापर्यंत वाळूत बुडालेली. बांधाच्या अलीकडे दोनशे पावलांचा राखीव माळ आणि मग आमची राय या धान्याची शेतं. बाकीच्या माळाची साल आम्ही कुदळीनं झुडपांसकट, मुळांसकट सोलून आणायचो आणि मेंढवाड्यात अंथरायचो. वर्षभर मेंढ्यांनी तुडवली की तिचं खत व्हायचं. त्या खताशिवाय वाळूत दाणा धरत नाही. पण राखीव पट्ट्याला कुणी हात लावायचा नाही. साल निघाली की खालची वाळू मोकळी होते, आणि एकदा वारा लागला की ती आवरत नाही. जुनं गाव असंच गेलं, असं म्हातारे सांगत.

म्हातारे आणखीही एक सांगत. वाळूत पांढऱ्या बाया राहतात, पहाटे धुक्यात त्या टेकाडावरून चालतात. कुट्टूची कापणी झाली की त्याच्या पिठाचं पहिलं धिरडं त्यांच्यासाठी टेकाडाच्या आडोशाला ठेवायचं, नाहीतर त्या वाळू उठवतात. सगळे ठेवायचे. खायचे अर्थातच कोल्हे.

येनेकेचा नवरा टाइस सहा वर्षांच्या संसारानंतर छातीच्या दुखण्यानं गेला. मागे तीन पोरं आणि राखीव पट्ट्याला लागून असलेलं शेत. त्या वर्षी तिनं धिरडं ठेवलं नाही. माझ्या बायकोनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पोरांनी खाल्लं. पांढऱ्या बाया काय भुकेनं रडत नव्हत्या."

आता माझं सांगतो. मी एव्हर्ट, तिचा शेजारी. तेव्हा तिशीचा, अंगानं धडधाकट, कामाचा कंटाळा आणि गोष्टी सांगण्यात गावात पहिला नंबर. त्या फेब्रुवारीत माझ्या मेंढवाड्यातली साल संपली. सोलायचा माळ तासाभराच्या वाटेवर. राखीव पट्टा दाराशी, वर शंभर वर्षांची जाडजूड साल. मी तीन रविवार पोटदुखीचं सोंग केलं. सगळं गाव चर्चमध्ये असताना येनेकेच्या शेताच्या बरोबर वरच्या अंगाला मी साल सोलली, हातगाडी भरभरून घरी आणली आणि उघड्या जागेवर सुकी झुडपं पसरून ठेवली. तिसऱ्या रविवारी माळाचा राखणदार लुबर्ट चर्चमधून परतताना दारात थांबला. म्हणाला, "काय रे, तुझं पोट बरं रविवारीच दुखतं? पाद्रीबुवांचं प्रवचन पचत नाही वाटतं." मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मार्चमध्ये कोरडा वारा सुटला. झुडपं उडाली. माझ्या कुदळीच्या खुणा आठवड्याभरात पुसल्या गेल्या, पण खड्डा मात्र रोज वाढत गेला. मेपर्यंत येनेकेची निम्मी राय वाळूखाली होती. लुबर्ट पाहून आला, त्याला वाऱ्यानं केलेला खड्डा दिसला, बाकी काही नाही.

कुणाच्या शेतात वाळू शिरली की घरटी एका माणसानं एक दिवस द्यायचा, काटक्यांचं कुंपण घालायचं, ही आमची रीत. त्या दिवशीही सगळे मोळ्या घेऊन तिच्या बांधावर जमले. कुणीतरी म्हणालं, शंभर वर्षांत इथून वाळू आली नाही, मग आत्ताच कशी आली? माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आता या नजरा माझ्यावर येऊन थांबणार, असं मला वाटलं. आणि मी बोलून गेलो, "धिरडं ठेवलं नव्हतं ना यंदा."

एवढंच बोललो. पुढचं गावानं केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे दोर चोरानंच आणून दिला होता. पांढऱ्या बायांच्या रागात कोण हात घालणार? उद्या वाळू आपल्याच शेतात यायची. माणसांनी मोळ्या तिथेच टाकल्या आणि एकेक करून निघाली. येनेके मोळ्यांकडे बघत होती, मग तिनं माझ्याकडे बघितलं. मीही घरी गेलो.

तिनं एकटीनं कुंपण घातलं. वाळूनं ते गिळलं की त्याच्यावर दुसरं. पाठीवरून झुडपं आणायची, टेकाडाच्या तोंडावर वाळूत तगणारं गवत एकेक काडी लावायची. तिसऱ्या वर्षी शेत पूर्ण गेलं. मग लोकांचे कपडे धुतले, थोरल्या दोघांना दहा वर्षांचीही नसताना नदीकाठच्या शेतांवर कामाला धाडलं. शेत गेल्यावरही तिनं कुंपण सोडलं नाही. आणि तिच्या पुढचं शेत कुणाचं? माझं. तिनं अडवलेली वाळू माझ्याकडेच यायची होती. जनाची नाही तर मनाची तरी असावी, पण माझ्यात तेवढीही लाज उरली नव्हती.

उलट मी त्याची गोष्ट केली. लग्नात, जत्रेत, लोक हटकून तीच मागायचे. माझ्या गोष्टीतली बाई कंजूष होती, धिरडं शालीखाली लपवून एकटीच खायची. ऐकणारे पोट धरून हसायचे. अशी एकतीस वर्षं गेली.

मग शहरातून एक मास्तर आले, जुन्या गोष्टी वहीत उतरवून घ्यायला. मी सांगितली. त्यांनी विचारलं, ती बाई आहे का अजून? नाही म्हणायला जीभ रेटली नाही. मी त्यांना येनेकेच्या घरी घेऊन गेलो. तिनं कॉफी दिली. मास्तरांनी धिरड्याचं विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, नव्हतं ठेवलं, खरं आहे. मास्तर खूश झाले, लिहून घेतलं आणि गाडी गाठायला निघून गेले. मीही उठलो.

"बस, एव्हर्ट," ती म्हणाली. "कॉफी राहिलीय तुझी."

मी बसलो.

"त्या तीन रविवारी मीही चर्चला गेले नव्हते. धाकट्याला ताप होता. खिडकीतून तुझी हातगाडी दिसायची."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

"चिखल्यांच्या बाईचं कोण ऐकणार होतं? आणि मला वाटायचं, तू सांगशील. यंदा नाही तर पुढच्या वर्षी. आज त्या माणसाला घेऊन दारात उभा राहिलास, तेव्हा वाटलं, आज सांगणार."

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर मी विहिरीच्या कठड्याशी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पोटदुखी, हातगाडी, राखीव पट्टा, सगळं. खोटं मी आयुष्यभर रंगवून सांगितलं होतं. खरं सांगताना चाचरत होतो. माझं संपल्यावर लुबर्टचा मुलगा म्हणाला, "शेवट बदललात होय, काका? पण जुनाच बरा होता." लोक हसले. एका म्हातारीनं माझा हात थोपटला आणि म्हणाली, म्हातारपणी दुसऱ्याचं पाप अंगावर घेतोयस, मोठं मन तुझं.

मी तसाच येनेकेकडे गेलो. ती कुंपणापाशी काटक्या बांधत होती. कुणाला पटलं नाही, असं मी तिला सांगितलं.

"मग पुढच्या रविवारी परत सांग."

"आणि तेव्हाही नाही पटलं तर?"

"माझं कुंपण काय एका दिवसात उभं राहिलं?" असं म्हणून तिनं काटक्यांची एक मोळी माझ्या हातात दिली. घरटी एक दिवस द्यायचा, तो माझा दिवस एकतीस वर्षं राहिला होता.

त्याला आता चार वर्षं झाली. येनेके गेल्या हिवाळ्यात गेली. मी अजून दर रविवारी विहिरीपाशी उभा राहतो. मोठी माणसं थांबत नाहीत, पोरं तेवढी जमतात. परवा मी सुरुवात केली तर पुढे बसलेल्या दोघी कुरकुरायला लागल्या.

"ही नको, आजोबा," त्यातली धाकटी म्हणाली. "ती कंजूष बाईची सांगा ना, शालीखाली धिरडं लपवणारीची."

दोघीही येनेकेच्या नाती.