रेक्झिनताईंचं बेट

बसडेपोच्या मागच्या अंगाला, जुन्या टायरांच्या ढिगाऱ्याला वळसा घातला की एक लांबोडकी खोली लागते. फाटलेल्या, उसवलेल्या, कुणी बसल्या बसल्या ब्लेडने चिरलेल्या आणि प्रेमवीरांनी बदाम कोरून ठेवलेल्या सीटा तिथे दुरुस्तीला येतात. जुनं रेक्झिन सोलायचं, दबून पापड झालेला फोम काढायचा, नवा बसवायचा आणि वरून नवं रेक्झिन ताणून पिना ठोकायच्या. हे काम करणाऱ्या बाईंना अख्खा डेपो रेक्झिनताई म्हणतो. पगारपत्रकात त्यांचं खरं नाव असणारच, पण त्या नावाने हाक मारली तर त्या स्वतःसुद्धा मागे वळून बघायच्या नाहीत.

ताईंनी आयुष्यात विमान पाहिलं ते खालून. तरीही त्या एका परक्या देशाच्या प्रतिनिधी होत्या, आणि हे त्या इतक्या सहज सांगत की ऐकणारा आधी त्यांच्याकडे आणि मग पिनांच्या मशीनकडे बघे.

भानगड अशी होती. इंटरनेटवर गाण्यांच्या वेडाने झपाटलेल्या काही लोकांनी आपली आपणच एक स्पर्धा काढली होती. टीव्ही नाही, बक्षीस नाही, कुणाचा पाठिंबा नाही. एकेकाने एकेक देश घ्यायचा, त्या देशातल्या कुणा गायकाचं गाणं हुडकून पाठवायचं, सगळ्यांनी सगळी गाणी ऐकायची आणि आवडत्या दहांना गुण द्यायचे. सगळ्यात आवडत्याला बारा, त्याखालच्याला दहा, मग आठपासून उतरत एकापर्यंत. ज्या देशाकडून खेळता त्याला मात्र गुण द्यायचे नाहीत. आणि जिंकणाऱ्याला काय मिळतं म्हणाल, तर पुढची स्पर्धा भरवायची कटकट.

पिनांच्या खटखटाटावर उतारा म्हणून ताई कानात गाणी घालून बसत. कुठल्याशा गाण्याखाली त्यांनी मोडक्यातोडक्या दोन ओळी लिहिल्या, आणि त्या वाचून स्पर्धेच्या चालकांनी त्यांना बोलावणं धाडलं. हे गृहस्थ नियमांचे असे पक्के की ताईंनी त्यांचं नाव मुख्याध्यापक ठेवून टाकलं. आपला देश तेव्हा दुसऱ्या एका देशबांधवाने आधीच पटकावलेला. उरलं होतं ते समुद्राच्या मधोमध माशी बसल्याएवढं एक बेट. ताईंनी ते घेतलं, खरं तर नाइलाजाने घेतलं, आणि हळूहळू त्या बेटाच्या होऊन गेल्या.

घरात मग बेटाचं हवामान कळू लागलं. सासरे पेपर उघडून म्हणत, "सूनबाई, आपल्याकडे वादळ येतंय," आणि आपल्याकडे म्हणजे बेटावर, हे घरात कुणाला समजावून सांगावं लागत नसे. नवरा त्याच डेपोत गाड्यांच्या वेळा लावायचा. तो म्हणे, बेटाचं राहू दे, आधी मोरीचा नळ गळतोय तो बघू. पण गुण द्यायची वेळ आली की तोही खुर्ची ओढून बसे आणि मोठमोठ्याने मतं देई, ती कुणी मागितलेली नसत. मध्ये तो देशबांधव कंटाळून निघून गेला. आता तुमचाच देश घ्या की, असं मुख्याध्यापकांनी सुचवलंही. ताईंनी उलट कळवलं, ते माझं माहेर, पण संसार आता इकडे मांडलाय.

निकाल मात्र दरवेळी तळाला. त्याचं ताईंना फारसं काही वाटत नव्हतं. खरी अडचण वेगळीच निघाली. एक गायक एकदाच, असा नियम, आणि बेटावर गाणारी माणसं ती किती असणार? एकुलता एक नावाजलेला गायक झाला, त्याची बहीण झाली, शाळामास्तरांचा वाद्यवृंद झाला, पोलिसांचा बँड झाला. भांडून वेगळ्या झालेल्या दोन भावांचं भांडणाआधीचं गाणंसुद्धा झालं. बेट संपलं. मुदतीत गाणं गेलं नाही तर देश रिकामा धरून, रांगेत थांबलेल्या पहिल्या माणसाला देत. रांगेत एक विद्यार्थी होता, त्याला बेटच हवं होतं आणि तो रोज मुख्याध्यापकांना विचारत असे. ताईंना घास गोड लागेना.

अशात त्यांना एक चिमुकला व्हिडिओ सापडला. वादळाने बोट अडकलेली, धक्क्यावर माणसं ताटकळलेली, आणि बोटींच्या घोषणा करणारा माणूस भोंग्यावर गाऊन त्यांचा वेळ घालवतोय. आवाज असा की ताईंच्या हातातली पिन हातातच राहिली. पण गाणं अर्धवट, आणि स्पर्धेला पुरं लागतं. ताईंनी त्याला शोधून काढला आणि फोनवरच्या भाषांतराच्या सोयीने सविस्तर लिहिलं: मी अमुक देशातली बाई, बसच्या सीटा करते, तुमच्या देशाची प्रतिनिधी आहे, कृपया पूर्ण गाणं म्हणून पाठवा.

असा निरोप आल्यावर शहाणा माणूस काय समजेल? तोही तेच समजला. त्याने विचारलं, यात मी पैसे केव्हा भरायचे? ताईंनी लिहिलं, भरायचेच नाहीत. त्याचा संशय आणखी वाढला. ताईंनी आपल्या खोलीचे फोटो पाठवले, सीटांचे पाठवले, सासऱ्यांचासुद्धा एक पाठवला. शेवटी त्याने अट घातली: आधी तुम्ही गा. पूर्ण. ठग लोक इतके कष्ट घेत नाहीत.

ताईंना गाण्याचा कान होता, गळा नव्हता. तरी त्यांनी खोलीचं दार लावलं, फोन फोमच्या थप्पीवर टेकवला आणि शाळेत शिकलेलं एक गाणं सुरू केलं. वरच्या पट्टीत आवाज रस्ता सोडून शेतात गेला. बाहेर मेकॅनिकने हातोडा चालवून बिनबोलावता ठेका धरला, तोही चुकीचा. घरी सासऱ्यांनी ते ऐकलं आणि हे पाठवलंस तर बेटाशी कायमचे संबंध तुटतील, असं बजावलं. ताईंनी डोळे मिटून पाठवून दिलं.

उत्तर आलं: "इतकं वाईट गाणारी बाई खोटी असूच शकत नाही." आणि सोबत गाणं होतं. सकाळच्या रिकाम्या धक्क्यावर, भोंग्यावर, मागे पाण्याचा आवाज. ताई सीटेच्या सांगाड्यावर बसल्या आणि पदराने डोळे पुसत त्यांनी ते परत ऐकलं, आणि परत.

निकाल रविवारी दुपारी होता. एकेक देश आपले गुण जाहीर करत गेला. पहिल्याच देशाने बेटाला दहा दिले तेव्हा चूक झाली असेल असं नवऱ्याला वाटलं. मग बारा आले, पाठोपाठ आणखी बारा. सासरे उभे राहिले ते शेवटपर्यंत बसले नाहीत. बेट चौथं आलं, आणि तेही वरून! तिकडे धक्क्यावर गायकाभोवती निम्मं बेट गोळा झालं होतं म्हणे. बोट उशिरा सुटली आणि एकानेही तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचा निरोप आला. बेटाचे गायक स्पर्धेत खेळू इच्छितात. नियमाप्रमाणे त्या देशाच्या माणसाचा त्या देशावर पहिला हक्क असतो. त्यांना तसं कळवतो आहे, क्षमस्व. तुमचा स्वतःचा देश अजून रिकामा आहे.

देश वाचावा म्हणून ज्याला हाका मारमारून आणलं, त्याच्याच हाती देश चालला होता. नवरा तावातावाने म्हणाला, तक्रार कर, इतकी वर्षं तू राबलीस. सासरे म्हणाले, मी लिहितो त्या मुख्याध्यापकाला. ताईंनी दोघांनाही गप्प केलं. ज्याचं बेट त्याला मिळतंय, आपण कोण? असं त्या तोंडाने म्हणाल्या खऱ्या, पण आतून त्यांना त्या भल्या माणसाचा चक्क राग आला होता, आणि राग आला म्हणून स्वतःची लाज वाटत होती. त्या दिवशी त्यांनी एका सीटेला रेक्झिन उलटं लावलं, खरखरीत बाजू वर. फोरमन ती बघून, नंतर सांगू म्हणून पुढे गेला.

जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. धक्क्यावरच्या माणसाचा निरोप होता. ताईंनी डबा बाजूला सारला आणि मन घट्ट करून वाचायला घेतलं.

"स्पर्धेच्या चालकांनी मला विचारलं, तुमचा देश घेणार ना? मी म्हटलं, आमच्या देशाला तुम्ही आहात, तिथे माझं काय काम? आमच्यातल्या कुणी आमची गाणी इतक्या मायेने गोळा केली नव्हती. तुमचा देश रिकामा आहे म्हणे, तो मी मागून घेतलाय. मला तिथलं काहीच माहीत नाही. तुमच्याकडे सध्या पाऊस आहे की ऊन?"

ताईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर काय आहे ते डोळे भरल्यामुळे त्यांना नीट दिसेना, आणि हसूही आवरेना. फोरमन दारातून डोकावला, सीट उलटी लागलीय ते सांगायला, पण त्यांचा चेहरा बघून त्याने आधी काय झालं ते विचारलं.

"माझा देश मला मिळाला," ताई म्हणाल्या.

"कुठला? हा की तो?"

"दोन्ही," रेक्झिनताई म्हणाल्या, आणि ऊन आहे असं धक्क्यावरच्या माणसाला कळवून पिना उपसायला बसल्या.