तळातले खुंट

"तुझं तू मोज. माझ्याकडं बघू नगं." एवढं बजावून अण्णा आपला पंचा दोघांच्या स्टुलांमधल्या दोरीवर टाकायचे आणि टीव्हीला नाक लावून बसायचे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोयनेच्या धरणात मासेमारी वाढवायची होती, पण तळाशी तोडलेल्या जंगलाचे खुंट राहिलेले. जाळं अडकलं की फाटलंच. म्हणून लाँचमधून पाण्यात कॅमेरा सोडायचा, टेप खोलीत आणून लावायची, आणि चित्रात किती खुंट दिसतात ते दोघांनी वेगवेगळं मोजायचं. त्यावरून साऱ्या तळाचा अंदाज. काम किती कंटाळवाणं, विचारू नका. गढूळ पाणी, गाळ, पुन्हा गाळ. संध्याकाळी डोळे मिटले तरी तेच दिसायचं.

अण्णा दुष्काळी जतचे. लाँचवर कुणी अर्धा तांब्या पाणी ओतून दिलं की म्हणायचे, "खाली एवढं हाय म्हणून माजलास व्हय रं?"

पुढे त्यांचे आकडे कमी येऊ लागले. माझे अकरा, तर त्यांचे आठ. आता वडीलधाऱ्या माणसाला, तुम्ही चुकताय, असं कोणत्या तोंडानं सांगणार? त्यांच्या कागदावर नजर टाकून मी गुपचूप अकराचे आठ केले. मग सवयच लागली. "जुळलं गड्या," म्हणत ते खुशीत चहा मागवायचे.

आमच्या आकड्यांवरून धरणाची पूर्वेकडची बाजू मोकळी ठरली. पहिल्याच दिवशी तिथं मच्छीमारांची सहा जाळी फाटली.

अण्णांनी टेप पुन्हा लावली. एका मच्छीमाराला काचेवर खुंट दाखवायला बसवलं. त्याचं बोट अण्णांना दिसत होतं, खुंट दिसत नव्हते. ते माझ्याकडं वळले.

"माझं डोळं गेलं, गड्या. तुझं तर चांगलं व्हतं."

"तुमचा मान राखला, अण्णा."

"मानानं जाळी शिवून निघत्यात व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मलाच विचारलं, "मोजणारे दोघं होतात ना? तुम्हालाही दिसलं नाही?" अण्णाच म्हणाले, "त्यो माझ्या सांगण्यावरनं लिवत व्हता, साहेब." आयुष्यात त्यांनी कुणाला आकडा सांगितला नव्हता.

मोजणी त्यांच्याकडून काढून घेतली. ते मिरजेला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले आणि तिकडूनच घरी. नजर चांगली आली म्हणे, एस.टी.ची पाटी लांबून वाचायचे. त्या नजरेसमोर उभं राहायला मी कधी गेलो नाही. आता ते नाहीत.