महादेवीअक्कांच्या फॉर्मवरचं शून्य

हे मी आजवर कुणापाशी पूर्ण बोललेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही. तुम्हाला सांगते — आणि आज पूर्ण सांगणार, मध्येच गिळणार नाही.

सोलापुरात मी फार्मसी शिकवते. त्याआधी पीएचडीसाठी अश्वगंधेची चाचणी केली — जिवाला घोर, छातीत धडधड, झोप नाही, असा त्रास असलेल्या बायकांवर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायका. दोन महिने चूर्ण द्यायचं, दर सोमवारी फॉर्म भरायचा. त्रास नसला तर शून्य, फार असला तर चार.

आकडे काय भराभर उतरत होते! मी हुरळून गेले. त्यातल्या महादेवीअक्का माझ्यासाठी डब्यात शेंगाचटणी आणायच्या. कसं वाटतंय विचारलं की ठरलेलं — "बरं हाय की मॅडम." मी इथलीच ना? एवढ्या आपुलकीनं विचारायला आलेल्या पोरीच्या तोंडावर आपल्याकडं कुणी 'गुण नाही' म्हणतं का? हे मला कळत नव्हतं? कळत होतं. पण सोयीचं होतं — म्हणून कानाडोळा केला.

शेवटच्या सोमवारी अक्का हळूच म्हणाल्या, "तुमाला वाईट वाटू नये म्हणून बरं म्हणत हुते. धडधड लई वाढलीया. हात बगा की."

हात थरथरत होता. ब्लाउज खांद्यावरून उतरत होता, इतक्या वाळल्या होत्या त्या.

आणि मी? — इथं येऊन दर वेळी माझी जीभ अडते. आज अडू देणार नाही. मी हसून म्हणाले, गुण यायला वेळ लागतो अक्का, चूर्ण सोडू नका. वर चूर्णाचा आणखी एक डबा हातात दिला. त्यांची पाठ वळली आणि फॉर्मवर लिहिलं — शून्य.

काही महिन्यांनी अक्का मशीनवरच कोसळल्या. थायरॉइड वाढलेलं निघालं. अश्वगंधेनं ते आणखी चढू शकतं, हे मी वाचलेलं होतं — वाचलेलं होतं हो! हृदयावर परिणाम झाला, काम कायमचं सुटलं. भेटायला गेले तर म्हणाल्या, "डॉक्टर लई वरडले, आधी कुणाला सांगितलं का न्हाई म्हणून. तुमचं नाव मी घेतलं न्हाई." मला सांभाळून घेतलं त्यांनी. आणि मी, निर्लज्ज, खाली मान घालून चटणीचा डबा घेऊन घरी आले.

तो आकडा चार होता. मी शून्य लिहिला. त्यावर पदवी घेतली, नोकरी घेतली.

चाचणी खोटी आहे, असं पत्र लिहून सही केली आहे. उद्या सकाळी ते आधी अक्कांना वाचून दाखवणार, मग कॉलेजात देणार. नोकरी जाईल. जाऊ दे.

अक्का काय म्हणतील, ते मला पाठ आहे — "असू द्या की मॅडम, मी बरी हाय." या वेळी मी ते खरं धरणार नाही.