पुस्तकातलं औषध

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात काउंटरमागे जी उभी असते, तिला सगळे गोळीताई म्हणतात. मी तिला शाळेत शिकवलं आहे. वहीत एक आकडा खोडावा लागला तरी सगळं पान नव्याने लिहून काढणारी मुलगी. दुकानातही तीच तऱ्हा. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर फोन करून विचारील, पण अंदाजाने पाकीट हातात देणार नाही.

पन्नाशी उलटल्यावर तिने एक रहस्यकथा लिहिली. प्रकाशकांनी उत्तरसुद्धा दिलं नाही. मग भाचीने ती ई-बुक करून एका संकेतस्थळावर चढवली. "मावशी, इथे मध्ये कोणी लुडबुड करत नाही," ती म्हणाली. "तू लिहिलंस, की थेट वाचकाच्या मोबाइलवर."

गोष्टीतली सून सासऱ्याच्या रोजच्या गोळ्यांत भलतंच औषध मिसळते आणि त्याला हळूहळू संपवते. दुसऱ्या कुणी औषधाचं नाव मनाने ठोकून दिलं असतं. गोळीताईच्या हातून ते होईना. जन्मात कुणाला चुकीचं औषध दिलं नाही, ते पुस्तकात कसं देणार? तिने खरं नाव घातलं, परिणामही खरे लिहिले. छापणारा कुणी असता तर त्याने त्या पानावर बोट ठेवलं असतं. पण मध्ये कोणीच नव्हतं.

पहिले काही दिवस नातेवाइकांनी कौतुक केलं. मग एका अनोळखी वाचकाचा अभिप्राय आला. तिथे तारे दिल्याशिवाय अभिप्राय लिहिता येत नाही, मात्र एकाला हवे तितके लिहिता येतात. त्याने एकच तारा दिला होता. खाली लिहिलं होतं: "गोष्ट बेताची. पण माहिती कामाची. आमच्या घरातही असाच एक म्हातारा आहे."

गोळीताईने तो नवऱ्याला वाचून दाखवला.

"अगं, चेष्टा करतोय तो," नवरा म्हणाला. तो घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावलेलं असलं की त्याला जगात काहीच गंभीर वाटत नाही.

"चेष्टा असती तर हसरा चेहरा टाकला असता."

"प्रत्येकाला तो टाकता येतो का? मला तरी येतो?"

तिने अभिप्रायाखाली विचारलं, "आपण कोण? असं का लिहिलंत?" उत्तर नाही. संकेतस्थळाला कळवलं, तर पुस्तकाची विक्री वाढत असल्याबद्दल अभिनंदन आलं. विक्री खरंच वाढत होती. नव्या लेखकाने आनंदाने उड्या माराव्यात, तर ही प्रत्येक नव्या प्रतीचा हिशेब मांडत बसे. कुणाच्या हाती गेली असेल? कशासाठी?

दुकानातही तिला चैन पडेना. सासऱ्यांच्या झोपेच्या गोळ्या न्यायला एक बाई आली, तर हिने विचारलं, "गोळ्या कोण देतं त्यांना? आणि मोजून घेतात का ते?" बाई फणकाऱ्याने निघून गेली. मालक म्हणाले, "ताई, आपण औषधं विकतो. चौकशी आयोग कशाला बसवताय?"

शेवटी तिने पुस्तकच बदललं. ई-बुकात ती सोय असते. त्या औषधाच्या जागी जगात कुठे नसलेलं एक नाव घातलं, परिणाम बदलले, आणि सुधारलेली प्रत जुन्या वाचकांनाही पाठवली. त्या दिवशी माझ्याकडे येऊन पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी त्याच वाचकाचा अभिप्राय होता. पुन्हा एक तारा. "औषधाचं नाव का बदललंत? म्हणजे आधीचं खरं होतं तर! मला शंका होतीच. तो म्हातारा मीच. सूनबाई सकाळी हृदयाची गोळी देते. तुमचं पुस्तक वाचल्यापासून मी ती कुंडीत टाकतो."

तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "बाई, मी भलत्याच माणसाला घाबरत होते. ही गोळी अशी अचानक बंद केली तर जिवावर बेतेल."

तिने तिथेच बसून लिहिलं: "आजोबा, ती सून मी मनाने रचली आहे. आता लेखिका म्हणून नाही, औषधांच्या दुकानातली बाई म्हणून सांगते, गोळी घ्या. हा माझा नंबर. फोन करा."

"नंबर देऊन फसवतात," उत्तर आलं.

"मग पाकीट मागून घ्या आणि स्वतः फोडा."

"हात थरथरतो. म्हणून तर ती काढून देते."

"तिला तुमच्यासमोर फोडायला सांगा."

"आणि कारण काय सांगू?"

तिने दोनदा लिहून खोडलं. मग लिहिलं, "सांगा, की एका मूर्ख बाईचं पुस्तक वाचून घाबरलो."

दोन दिवस काही आलं नाही. गोळीताई काउंटरवर उभी होती एवढंच. तिने कुणाला काय दिलं ते मालक मागून तपासत होते. तिसऱ्या सकाळी एक तारा उगवला. "सांगितलं. मला वाटलं हसेल. रडली. मग समोर पाकीट फोडलं. घेतली."

तेव्हापासून रोज सकाळी तिच्या पुस्तकाखाली एक तारा आणि एकच शब्द येतो, "घेतली". इतर वाचकांना काही उलगडत नाही. एकाने विचारलं, "काय घेतली? प्रत?" पुस्तक ताऱ्यांच्या हिशेबात पार तळाला गेलं. नवीन कोणी ते उघडत नाही. भाची चिडली. "मावशी, तक्रार कर त्याची! पुस्तक बुडवलं म्हाताऱ्याने."

"खबरदार त्याला अडवलंस तर," गोळीताई म्हणाली. एवढ्या मोठ्याने बोलताना मी तिला प्रथमच ऐकलं.

काल दुपारी खोकल्याचं औषध आणायला मी दुकानात गेले. गिऱ्हाईक सुट्या पैशांसाठी हात पुढे करून उभं होतं, आणि गोळीताई मोबाइलकडे बघत होती. सकाळपासून तारा आला नव्हता.

"बाई," ती म्हणाली, "नेट गेलं असेल ना हो त्यांचं?"